‘लीबेलाय’ (१९३३): विंगेतल्या माणसाने केलेलं परीक्षण

आधी निकाल सांगून टाकतो, कारण आमच्याकडे प्रेक्षक तिकीट काढायच्या आधीच विचारतो, ‘रडवते का हसवते जी?’ हा सिनेमा रडवतो. हसवतोसुद्धा, पण पहिल्या अर्ध्यात. नाव ‘लीबेलाय’, साल १९३३, भाषा जर्मन, ब्लॅक अँड व्हाइट, लांबी दीड तासाच्या आसपास, दिग्दर्शक माक्स ओफ्युल्स. लष्करी पोशाखातला देखणा पोरगा आहे, गरीब वादकाची गाणारी पोरगी आहे, दुसऱ्याची बायको आहे, तिचा थंड डोक्याचा नवरा आहे, पिस्तुलं आहेत. म्हणजे आमच्या मंडपातल्या नाटकाला लागतं ते सगळं सामान आहे. पण यातलं बरंच सामान दिग्दर्शकाने पेटीतून बाहेरच काढलं नाही, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

मी प्रॉम्प्टर आहे. देसाईगंज, म्हणजे आमच्या बोलण्यातलं वडसा, तिथल्या नाटक कंपन्यांसोबत दिवाळीपासून होळीपर्यंत फिरतो. ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात धान कापून झाला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, आणि त्या रात्री गावात नाटक असतं. उशिरा नांदी होते आणि संपता संपता पहाट. नट आज एका गावात एक नाटक करतो, उद्या दुसऱ्या गावात दुसरंच. तालमीला वेळ कुठला? म्हणून प्रॉम्प्टर लागतो. संहिता मांडीवर घ्यायची, आणि नटाच्या ओठांच्या अर्धं वाक्य पुढे राहायचं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालत आलो, त्यामुळे सिनेमा बघतानाही माझं लक्ष आधी तिकडेच जातं: कोण बोललं, कोणाला बोलायचं होतं, आणि कोणी गिळलं.

भाचा नागपूरला शिकतो. त्याने डीव्हीडी आणली आणि म्हणाला, ‘मामाजी, तुमच्याच धंद्याचा पिक्चर आहे, पाहा तर.’ पावसाळ्याचे दिवस, रोवणी आटोपलेली, कंपनी बंद. घरच्या टीव्हीवर लावला. बघायला मी, बायको, शेजारच्या काकू, आमच्या कंपनीत नायिकेची कामं करणाऱ्या बाई आणि तबलजी. खाली अक्षरं इंग्रजी. भाचा ती वाचून आमच्या बोलीत सांगत होता. नट जर्मन, अक्षरं इंग्रजी आणि प्रॉम्प्टिंग झाडीबोलीत. माझं काम त्या रात्री दुसरंच कोणी करत होतं आणि मी फुकट प्रेक्षक झालो होतो.

धंद्याचा पिक्चर तो का म्हणाला ते पहिल्याच मिनिटाला कळतं. सिनेमा थिएटरात सुरू होतो, तोही पडद्याच्या मागच्या बाजूने. व्हिएन्नाचा ऑपेरा आहे, मोझार्टचा ‘एन्टफ्युरुंग आउस डेम सेराय’ हा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, लागलेला आहे, आणि रंगमंचावरचा माणूस पडद्याच्या भोकाला डोळा लावून प्रेक्षागृह बघतो आहे: बादशहा आले का? ते भोक आमच्या प्रत्येक पडद्याला असतं. त्यातून आम्ही बादशहा बघत नाही, तिकीट काढून किती लोक बसले ते बघतो, पण छातीतली धडधड तीच. आमच्या नायिकाबाई तिथेच सावरून बसल्या. त्या एका शॉटनंतर सबटायटल वाचायची घाई कोणाला राहिली नाही.

आता कथा. वरच्या गॅलरीत, स्वस्तातल्या जागेवर, दोन पोरी बसल्या आहेत, मिझी आणि क्रिस्टिन. क्रिस्टिनचे वडील त्याच ऑपेराच्या वाद्यवृंदात वाजवतात. गॅलरीतून दुर्बीण खाली पडते, खाली लष्करी अधिकारी बसलेले, आणि ओळख होते. त्या अधिकाऱ्यांतला थिओ आणि मिझी एकमेकांना लगेच सापडतात. फ्रिट्झ नावाचा तरणा लेफ्टनंट मात्र त्या संध्याकाळी दुसऱ्याच भानगडीत आहे. एका बॅरनच्या बायकोशी त्याचं गुपचूप चालू आहे, आणि बॅरनला तेवढ्यात कुणकुण लागते. बॅरन ऑपेरा अर्धा टाकून घरी निघतो, फ्रिट्झ कसाबसा निसटतो. त्याच रात्री क्रिस्टिनला घरापर्यंत सोडायची पाळी त्याच्यावर येते. पहिल्यांदा नाइलाज, मग गंमत, मग खरोखरचं प्रेम. तो बॅरनिणीशी संबंध तोडतो. पण जे संपलं ते नवऱ्याला नंतर कळतं, आणि नवरा त्याच्या दारात येऊन उभा राहतो. पुढे द्वंद्व.

इतकं सांगितलं तर गोष्ट फोडली म्हणून कोणी ओरडू नये. मूळ नाटक आर्थर श्निट्झलर यांचं, व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये १८९५च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा झालेलं. सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं गुपित आता काय राखायचं! आणि आमच्याकडे तर लाउडस्पीकरची गाडी दुपारपासून गावात फिरून शेवटपर्यंतची कथा ओरडून सांगते, तरी रात्री मंडप भरतो. लोक काय घडतं ते बघायला येत नाहीत, कसं घडतं ते बघायला येतात.

विनोदी जोडी आधी घेतो. मिझी झालेल्या लुईझे उलरिख आणि थिओ झालेले विली आइखबेर्गर. झाडीपट्टीत मुख्य जोडीसोबत एक विनोदी जोडी असतेच. गंभीर प्रवेश संपला की ती येते, प्रेक्षकांचा घसा मोकळा करते, निघून जाते. आमच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती अशाच कामांच्या जोरावर, हे बाहेरच्या लोकांनी ध्यानात ठेवावं. पण आमच्या बहुतेक नाटकांत विनोदी जोडीला कथेत काम नसतं. काढून टाकली तरी खांब हलत नाही. इथे ओफ्युल्सने ती जोडी शेवटी अशा ठिकाणी नेऊन उभी केली आहे की हसवणाऱ्याच तोंडांवर सिनेमातला सगळ्यात भयंकर क्षण येतो. आणि थिओ, जो अर्धा सिनेमा टवाळी करतो, तोच एकटा माणूस आपल्या वरिष्ठापुढे उभा राहून हे द्वंद्व थांबवा म्हणतो. ऐकत नाहीत तेव्हा लष्कराची नोकरी सोडतो. गंभीर वाक्यं विदूषकाच्या तोंडी द्यायची ही युक्ती मी पुढच्या हंगामात एखाद्या लेखकाच्या कानात सांगणार आहे.

क्रिस्टिनचं काम माग्डा श्नायडर यांनी केलं आहे. सुंदर आहेत, पण पोस्टरवरच्या नायिकेसारख्या नाहीत. शेजारच्या गल्लीतली, घरकाम आटोपून आलेली पोरगी वाटते. ऑपेराच्या लोकांपुढे ती परीक्षेसाठी गाते तेव्हा जर्मन संगीतकार ब्राम्सने बांधलेलं एक लोकगीत गाते: भाऊ बहिणीला विचारतो आहे, घरी कधी जायचं, आणि नाचून दमलेली बहीण शेवटी गवताखालचा बिछाना मागते. ज्याला गाण्याचा अर्थ कळतो त्याला तिथेच गोष्टीचा शेवट कळतो. ज्याला कळत नाही, आमच्या काकूंसारख्यांना, त्यांना एक साधी पोरगी घाबरत घाबरत छान गाते आहे एवढंच दिसतं, आणि तेही पुरतं. संगीत नाटक असंच लिहिलेलं असलं पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक प्रवेशाला गाणं असतं, पण मरणाची चाहूल देणारं गाणं असलं की लेखक आधी तीन वाक्यांत ती चाहूल समजावून सांगतो. ती वाक्यं मीच प्रॉम्प्ट करतो, त्यामुळे दोष कोणाचा ते मला ठाऊक आहे.

दोन नाच आहेत, त्यांच्याबद्दल थोडं थांबून. पहिला एका रिकाम्या कॅफेत. गिऱ्हाईक नाही, वादक नाहीत, एक वाजवणारं यंत्र आहे, आणि क्रिस्टिन-फ्रिट्झ वॉल्ट्झ करतात. ओफ्युल्सचा कॅमेरा या माणसांसोबत चालतो. पुढे नाही, मागे नाही, बाजूने. ओळखीचा माणूस रस्त्याने सोबत चालावा तसा. खुर्च्या मध्ये येतात, तो खुर्च्यांना वळसा घालून पुन्हा त्यांच्याकडे येतो. दुसरा नाच मोठ्या घरातला, झुंबरं, गणवेश, आणि फ्रिट्झच्या हातात बॅरनीण. तोच वॉल्ट्झचा फेरा, पण दोघांच्या तोंडावर काही नाही. दोन्ही नाचांमध्ये कोणी ‘मी आता हिच्यावर प्रेम करत नाही’ असं म्हणत नाही. म्हणायची गरजच ठेवलेली नाही. तबलजी म्हणाले, ‘यंत्रावर नाचले तं जीव होता, साजावर नाचले तं जीव नाही.’ एवढ्या कमी शब्दांत मला हे परीक्षण लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

छायाचित्रण फ्रान्झ प्लानर यांचं. तबलजींना ते आपल्या जुन्या हिंदी पिक्चरसारखं दिसलं, आणि ते काही उगीच नाही. त्याच दशकात मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योझेफ वीर्शिंग काम करत होते. १९३६चा ‘अछूत कन्या’ त्यांचाच. वीर्शिंग पुढे भारतातच राहिले आणि ‘महल’ व ‘पाकीजा’च्या कॅमेऱ्यामागेही तेच. तो उजेड जर्मनीतून थेट आपल्या घरातल्या जुन्या गाण्यांमध्ये आलेला आहे, फक्त ओळख करून द्यायची राहिली होती.

मग बर्फातला प्रसंग. घोडे जोडलेली बिनचाकांची गाडी, पांढरं रान, शाली लपेटलेली क्रिस्टिन आणि फ्रिट्झ. जन्मभराच्या आणाभाका घेतात. प्रसंग अप्रतिम आहे, आणि आमच्या डीव्हीडीत तो निम्मा वाया गेला. कारण पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं! भाचा टीव्हीला नाक लावून बसला तरी त्याला वाचता येईना. शेवटी तो म्हणाला, ‘मामाजी, प्रेमाचंच काहीतरी बोलते आहेत.’ काकू म्हणाल्या, ‘थे तं आमाले दिसून रायलं ना बाबू.’ म्हणून तिथे फार नुकसान झालं नाही, पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत हा दोष आहे तो नोंदवतो. अक्षरांना काळी कड असती तर प्रश्नच नव्हता.

आता पिस्तूल.

आमच्या रंगमंचावर गोळी सुटते तेव्हा विंगेत कोणीतरी फटाका उडवतो. नायक छाती धरतो, कोसळतो, आणि मग बोलायला लागतो. आईला, बहिणीला, मातीला, खलनायकाला, पुन्हा आईला. मरणाऱ्याचं स्वगत हे प्रॉम्प्टरचं सगळ्यात अवघड काम. नट जमिनीवर, तोंड प्रेक्षकांकडे, माझा आवाज त्याला पोचत नाही, आणि पोचवला तर पहिल्या रांगेतल्या पोट्ट्यांना आधी ऐकू जातो. मी किती मरणं अशी पुरवली असतील! प्रेक्षक त्याला टाळ्या देतात, रुपयेही देतात, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. रात्रभर थंडीत बसलेल्या माणसाला मरण पूर्ण बघायचा हक्क आहे असं मी मानत आलो.

‘लीबेलाय’मध्ये नायक मरतो आणि कॅमेरा तिथे नसतो. कॅमेरा थिओ आणि मिझीजवळ असतो. ते धावपळ करत आले आहेत, उशीर झालेला आहे. पहिला बार ऐकू येतो. दोघं जागच्या जागी उभे. आता दुसरा व्हायला हवा, कारण द्वंद्वात माणसं दोन आणि पहिली गोळी बॅरनची. फ्रिट्झ उभा असेल तर तो उलट गोळी झाडणार. दोघं थांबतात. आम्हीही थांबलो. तबलजींचं बोट मांडीवर मात्रा मोजत होतं ते अधांतरी राहिलं. दुसरा बार होत नाही. बस. त्या न झालेल्या बाराने मारलं. कोणी छाती धरली नाही, रक्त नाही, आईला हाक नाही. काकू थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘अवो, दुसरा काऊन नाही झाला?’ आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सिनेमा बघायचा सोडून.

हा सिनेमा कधीचा आहे ते लक्षात घ्या. आपला पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. आवाज नुकताच आलेला होता. सगळीकडे एकच हौस, की माणूस बोलताना दाखवायचा, गाताना दाखवायचा, दार वाजलं की दार दाखवायचं. त्या दिवसांत हा माणूस आवाज न झाल्याने गोष्ट सांगतो. नाटकातून आलेला असूनही. ओफ्युल्स सिनेमात यायच्या आधी नाटकातच होते. नट म्हणून सुरुवात, मग दिग्दर्शन, बुर्गथिएटरमध्येसुद्धा. तालमीच्या खोलीत ज्याने खूप बडबड ऐकली आहे त्यालाच कुठे गप्प राहायचं ते सुचत असावं.

मूळ नाटकात आणि सिनेमात फरक बराच आहे, आणि नाटकवाल्यांनी तो अभ्यासावा असा आहे. श्निट्झलर यांचं नाटक दोन खोल्यांत घडतं. पहिला अंक फ्रिट्झच्या घरी, बाकीचे दोन क्रिस्टिनच्या. नवरा येतो तो एकदाच, आणि पात्रांच्या यादीत त्याला नावही नाही, नुसता ‘एक गृहस्थ’. ऑपेरा, बॅरनचं घर, बर्फ, हे सगळं सिनेमाने बाहेर काढून मांडलेलं. नाटकात द्वंद्वाची बातमी क्रिस्टिनला कळते तोवर फ्रिट्झला पुरूनसुद्धा झालेलं असतं, आणि ती घराबाहेर धावत सुटते. ती परत येणार नाही हे बाप बोलतो आणि पडदा. सिनेमात ती खिडकीतून उडी घेते.

माझ्या मते या गोष्टीचा गाभा प्रेम नाही, द्वंद्वही नाही. गाभा हा, की सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि क्रिस्टिनला कोणी काही सांगितलेलं नाही. बॅरनिणीचं प्रकरण फ्रिट्झच्या दोस्ताला ठाऊक, बॅरनच्या भावाला ठाऊक, अख्ख्या पलटणीला ठाऊक असेल. द्वंद्व ठरलं हेही तिला सोडून बाकीच्यांना कळलं. ती आपली ऑपेरात गायला मिळणार या आनंदात. आणि मग खोलीत माणसं येऊन उभी राहतात आणि कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. श्नायडरबाईंचा चेहरा तिथे पडदाभर आहे, फार वेळ. बाई ओरडत नाहीत. तुटक तुटक बोलतात, वाक्य सुरू करतात, सोडून देतात. तो मेला, आणि दुसऱ्या बाईपायी मेला, तर मग मी त्याची कोण होते, हा हिशेब त्या आमच्यासमोर करतात. मला बसल्या जागी तिला पुढचं वाक्य पुरवावं असं वाटलं. धंद्याची खोड. पण पुरवण्यासारखं वाक्यच नव्हतं.

नायिकाबाईंनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. पाहिला. मग म्हणाल्या, ‘आमच्या मंडपात मागच्या रांगेले हे दिसत नाही जी. आमाले आवाजच द्या लागते.’ खरं आहे. हजारोंच्या गर्दीत चेहऱ्यावरची पापणी कोणाला दिसणार? म्हणून मी ही तुलना आमच्या नटांना कमी लेखायला करत नाही. मंडपात रडायचं ते गळ्याने, पडद्यावर रडायचं ते न रडता. दोन्ही शिकावं लागतं.

शेवटाबद्दल आमच्यात भांडण झालं. उडीनंतर ओफ्युल्स पुन्हा ते पांढरं रान दाखवतो आणि दोघांच्या आणाभाकांचे आवाज आपल्याला ऐकवतो. मला ते जास्तीचं वाटलं. ज्याने गोळीचा आवाज राखून ठेवला त्याने इथे मात्र सगळं पुन्हा वाजवून दाखवलं. माझ्या हातात दोरी असती तर पडदा आधीच पाडला असता. पण घरातल्या तिन्ही बायका तिथेच रडल्या, त्याआधी नाही. बायको म्हणाली, ‘तुमाले कळत नाही. मेल्यावरच त्या गोष्टी आठवतात.’ मी माझं मत बदललेलं नाही. मतदानात मात्र हरलो.

बॅरन झालेले गुस्ताफ ग्रुंडगेन्स हे जर्मन रंगभूमीचं मोठं नाव. १९३१च्या ‘एम’मध्ये चोरांचा म्होरक्या तेच होते. इथे काम थोडं आहे, पण चालण्यात आणि बघण्यात असा गारठा की काकूंनी त्यांना सरळ ‘साप’ म्हटलं. बॅरनीण ओल्गा चेखोवा, म्हणजे रशियन नाटककार चेखव यांच्या पुतण्याची एकेकाळची बायको. त्यांच्यावर अन्याय झाला आहे. बाईला सजवून उभं केलं, पण तिच्या मनात काय चाललं ते विचारायला दिग्दर्शक गेलाच नाही. नवरा निर्दय आहे, प्रियकर सोडून गेला आहे, तिच्यामुळे एक पोरगा मरणार आहे. या बाईचा एक तरी प्रवेश हवा होता. पाउल ह्योर्बिगर यांनी केलेला म्हातारा बाप मात्र बघाच. पोरीच्या आनंदात वाजवताना दिसतो, आणि बातमी आली की त्याच्या हाताचं काय करायचं तेच त्याला कळत नाही.

पडद्याबाहेरचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनेमा व्हिएन्नात १९३३च्या फेब्रुवारीत लागला. हिटलर जानेवारीच्या ३० तारखेला सत्तेवर आलेला होता. २७ फेब्रुवारीला बर्लिनमधली संसदेची इमारत जळाली, आणि ओफ्युल्स बायकामुलांसह फ्रान्सला निघून गेले. ते ज्यू होते, खरं आडनाव ओपेनहायमर. मार्चमध्ये सिनेमा बर्लिनला लागला, लोकांना आवडला, आणि नामावळीतून दिग्दर्शकाचं नाव काढून टाकलेलं. श्निट्झलर १९३१ सालीच वारलेले, पण तेही ज्यू, त्यामुळे मे महिन्यात नाझींनी जी पुस्तकं जाळली त्यांत त्यांचीही होती. माझं नाव आजवर कोणत्याच जाहिरातीवर आलेलं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. प्रॉम्प्टरचं नाव कोण छापतो? पण ज्याने सगळं उभं केलं त्याचंच नाव पुसून तोच सिनेमा दाखवायचा आणि गल्ला मोजायचा, हे वाचल्यावर जेवण गेलं नाही. आणि तो गोड चेहऱ्याचा फ्रिट्झ, वोल्फगांग लीबेनआयनर, पुढे दिग्दर्शक झाला आणि १९४१ साली आजाऱ्यांना मारून टाकण्याची वकिली करणारा सरकारी प्रचाराचा चित्रपट त्याने काढला. पडद्यावर ज्याच्यासाठी घरातल्या बायका रडल्या तो हाच. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तक्रारी थोडक्यात. पहिली वीस-पंचवीस मिनिटं कोण कुठल्या दारातून कुठे गेला ते नीट लक्ष देऊन बघावं लागतं, चहा करायला उठू नका. आवाज जुना, खरखर आहे, पाऊस पत्र्यावर पडत असेल तर काहीच ऐकू येणार नाही. गणवेशातले अधिकारी सुरुवातीला सारखेच दिसतात. नायिकाबाईंनी थिओ आणि फ्रिट्झ यांची अदलाबदल बराच वेळ चालवली. लहान पोरांना बसवू नये. नात्यांतली गुंतागुंत त्यांना कळत नाही आणि खिडकीचा प्रसंग कळतो.

याच गोष्टीवर १९५८ साली ‘क्रिस्टिन’ नावाचा रंगीत फ्रेंच सिनेमा निघाला. त्यात ही भूमिका माग्डा श्नायडर यांच्याच मुलीने, रोमी श्नायडर यांनी केली आहे, आणि नायक अलेन दलों. भाच्याने तोही आणला होता. देखणी माणसं, देखणे रंग. आईचं काम आधी बघून मग मुलीचं बघितलं तर पोरीवर अन्याय होतो, म्हणून ज्यांना दोन्ही बघायचे आहेत त्यांनी उलट क्रमाने बघा. एकच बघायचा असेल तर जुनाच. आणि घ्यायच्या आधी दुकानदाराला बर्फाचा प्रसंग लावून दाखवायला सांगा. अक्षरं वाचता आली तर ती प्रत घ्या.